आगीनं दिलेल्या बहिणी

माझ्या भावाला आगीनं बहिणी दिल्या आहेत, आणि मला त्यांच्यातल्या एकीचंही तोंड बघावंसं वाटत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. हिंगोलीत नगरपालिकेच्या बंबावर फायरमन आहे. मीही इथंच राहते. माझ्या घरापासून त्याचं ठाणं इतकं जवळ की कुकरची शिट्टी व्हायच्या आत माणूस चालत जाऊन येईल. आई गेली, मग वडील गेले, गावाकडचं घर चुलत्यांकडं गेलं. माहेर म्हणून मला जे काही उरलं ते म्हणजे हा एक भाऊ. भावजय गुणाची आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या त्या बाकीच्या गोतावळ्याबद्दल.

पहिली मिळाली ती ब्लाऊज शिवणारी. ती इस्त्री करत असताना लाईट गेली. आपल्याकडं लाईट गेली की माणूस एक सुस्कारा सोडतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. तीही दाराला कडी लावून मंडईत गेली. इस्त्रीचं बटण चालूच, आणि इस्त्री पालथी पडलेली गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर. तासाभरानं लाईट आली. मंडईत सगळ्यांनी "आली, आली" म्हणून हुश्श केलं, त्यात तिनंही केलं. घरी येऊन बघते तर खिडकीतून धूर. माझ्या भावानं खिडकीची जाळी तोडून आत उडी मारली आणि कपडे जळाले तरी शिलाई मशीन बाहेर काढलं. पुढच्या राखीला ती बाई ठाण्यावर हजर! "तुम्ही मला पोटाला लावलं, आजपासून तुम्ही माझे भाऊ."

झालं. लागली की सवय गावाला.

तिच्यानंतर एक निवृत्त शिक्षिका आल्या. पौर्णिमेला घरात बुद्धवंदना झाली, तसबिरीपुढची मेणबत्ती तशीच तेवत राहिली आणि वाऱ्यानं खिडकीचा पडदा तिच्यावर गेला. नवऱ्याला पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला, त्यांना पलंगावरून उठता येत नव्हतं. माझ्या भावानं त्यांना चादरीसकट खांद्यावर घेऊन जिना उतरवला. त्या बाईंनी तेव्हा सरळ सांगितलं की आमच्यात राखी-भाऊबीज करत नाहीत, पण भाऊ तो भाऊच. आणि तेव्हापासून प्रत्येक सणाला चकलीचा डबा. चकली चांगली असते. मी खाल्ली आहे, आणि चांगली असल्याचा मला राग आला आहे.

तिसरी सेनगावकडच्या तांड्यावरची. तिची सोयाबीनची सुडी पेटली. कापून, ढीग घालून, मळणीयंत्राची वाट बघत ठेवलेलं सगळं पीक, आणि भरदुपारी कुणीतरी काडी लावली. जवळ ना वायर, ना चूल. हिंगोलीहून बंब पोचेपर्यंत अर्धी सुडी गेली होती, उरलेली अर्धी ह्यानं वाचवली. पंचांसमोर विचारणा झाली तेव्हा हा म्हणे, "कारण काय सांगू? शेजाऱ्याचं बरं झालेलं कुणाला तरी बघवलं न्हाई, दुसरं काय." ही गोष्ट तो माझ्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता सांगत होता. मी त्याच्याकडं पाठ करून भांडी लावत होते. लावलेलीच भांडी पुन्हा लावली.

तर अशा ह्या तिघी. शिवाय राखी पाकिटातून पाठवणाऱ्या, कुणाच्या हाती देणाऱ्या किती, ते त्याचं त्यालाच माहीत. माणसाला चुलतबहिणी, मावसबहिणी असतात. माझ्या भावाला गॅसबहीण आहे, कूलरबहीण आहे, अगरबत्तीबहीण आहे. नवरा हसतो. "तुझ्या भावाचं गणगोत वाढून राहिलंय," म्हणतो, "तुला काहून तकलीफ?" त्याला तीन बहिणी, तिघींनाही त्यानं सारखंच विसरलेलं. त्याला काय कळणार!

तकलीफ अशी की तो माझ्याकडं येतो तेव्हा बोलतो फक्त त्यांच्याबद्दल. आगीबद्दल म्हणजे त्यांच्याबद्दलच. त्यामुळं ह्या शहरातल्या आगींची कारणं मला सवतीच्या कुळकथेसारखी पाठ झाली आहेत. पेपरात सगळीकडं 'शॉर्ट सर्किट' छापून येतं, पण भाऊ म्हणतो, "वायर मुकी असती आक्का, तिच्यावर काय बी ढकला." खरी कारणं फार साधी असतात. उंदरानं कुरतडलेली गॅसची नळी. देवघरात दिवा लावून देवदर्शनाला गेलेली माणसं. एका बोर्डात खोचलेले पाच प्लग. अरुंद बोळात, जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी, म्हणजे आग लागली की पळायची वाटच बंद. भाव वाढेल म्हणून बैठकीत छतापर्यंत रचलेला कापूस आणि त्याच खोलीत बिडी ओढत बसलेले पाहुणे. उन्हाळ्यात पाणी संपूनही गरगर फिरत राहिलेली कूलरची मोटार. हे सगळं तो डोळे मोठे करून सांगतो, लहानपणी जत्रेतलं सांगायचा तसं. मी माझ्या गुडघ्याचं सांगायला लागले की त्याला जांभई येते.

लोकांच्या घरी जाऊन गॅसच्या नळ्या तपासतो. माझी नळी कधी बदलली, त्यानं विचारलं नाही. लष्कराच्या भाकरी भाजतो नुसत्या. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "माझ्याकडं गॅसचा वास येतो रे." आला बिचारा लगेच, वास घेत घेत सगळं घर फिरला. वास कुठला यायला! नळी नवीन होती, मीच आणलेली. त्यानं साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा आला नाही, "मस्त हाय," म्हणाला आणि निघाला. जेमतेम पाणी प्यायला. मला वाटलं, खरंच गळत असती तर जेवून गेला असता.

गेल्याच्या गेल्या वर्षीची राखी सांगते. तो संध्याकाळी आला तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत हात भरलेला. मी बांधली ती सगळ्यांच्या वर, कोपराच्या वाकणात, कारण जागाच तिथं उरली होती. दुसऱ्या दिवशी मी ठाण्यावरून जाता जाता डोकावले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ह्यातली माझी कोणती?" त्यानं हात वर धरून बघितलं. बोट ठेवलं ते एका मोत्याच्या राखीवर. ती ब्लाऊजवालीची होती; आदल्या संध्याकाळी त्यानंच तसं सांगितलं होतं.

मी घरी येऊन नवऱ्याशी भांडले.

राखीला निदान येतो तरी. भाऊबीजेला तेही नाही. दिवाळीत बंबावरच्या माणसांना सुट्टी नसते, हे मलाही कळतं. रॉकेट जाऊन कुणाच्या गच्चीवरच्या कडब्यावर पडतं, कुणाच्या पणतीनं आकाशकंदील पेटतो. गाडीचं इंजिन थंडच होत नाही. त्यामुळं नोकरीला लागल्यापासून माझ्या पाटावर तो भाऊबीजेला एकदाही बसलेला नाही. आमच्याकडं ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. सूर्य बुडाला की पश्चिमेला बीजेची कोर दिसते, नखाएवढी, ती थोड्याच वेळात मावळते. मी दरवर्षी पाट मांडून, रांगोळी घालून वाट बघायचे आणि कोर मावळायला आली की ताट घेऊन गच्चीवर पळायचे.

गेल्या वर्षी शेजारच्या गच्चीवर नवीन भाडेकरू होते. त्यांच्यातली सून कपडे काढत होती. तिनं माझं ओवाळून होऊ दिलं, मग कठड्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, तुम्हाला भाऊ नाही का?"

तिचा काय दोष! विचारलं मायेनंच. पण ते वाक्य वर्षभर माझ्या छातीवर बसून राहिलं. भाऊ आहे, पाच मिनिटांवर आहे, जिवंत आहे, आणि मी चंद्राला ओवाळते. आणि तिकडं त्या तिघी ठाण्यावर जाऊन त्याला ओवाळून येतात, हे मला भावजयीनं सांगितलं होतं. आयत्या बिळावर नागोबा! लहानपणी ह्याला कडेवर घेऊन हिंडले मी, ह्याचा शेंबूड पुसला मी, आणि ओवाळणार कोण, तर इस्त्री चालू ठेवून मंडईत गेलेली बाई.

म्हणून ह्या वर्षी ठरवलं. त्याला जमत नाही ना, मग मीच जाते.

त्या तिघींपेक्षा माझं ताट उठून दिसलं पाहिजे, हे मनात होतं. होतं म्हणजे तेवढंच होतं. चांदीचं निरांजन घासून काढलं, आईचं. घरच्या तुपाची वात भिजवली. करंज्या, अनारसे वेगळ्या डब्यात. आणि साडी नेसले ती नवी, मोरपंखी, जॉर्जेटची. अंगावर पाण्यासारखी राहते आणि पदर नुसता झुळझुळतो. आरशात बघितलं आणि मनात म्हटलं, आता बघू दे म्हणावं सख्खी कशी असते ती.

दुपार कलताना ठाण्यावर पोचले. बंब नव्हता. मोठं पत्र्याचं शेड रिकामं, तेल सांडून काळी झालेली फरशी, भिंतीला वाळत घातलेले लांबच लांब पाइप. कोपऱ्यात डिझेलचे कॅन. ड्युटीवरचा माणूस फोनजवळ बसला होता, तो म्हणाला, "कनेरगाव नाक्याकडं गेलेत. ढाब्याच्या भट्टीतून ठिणगी उडाली, छप्पर गवताचं. येतीलच आता." आणि त्यानं बाकाकडं हात केला.

बाकावर तिघी बसल्या होत्या. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, पण ओळखायला काही अडचण आली नाही. ब्लाऊजवाली अंगानं भरलेली, बोलकी. शिक्षिका टोकाला, मांडीवर चकलीचा डबा. तांड्यावरची सगळ्यात लहान, पायातल्या चपलांवर अजून वाटेची धूळ. त्यांनी सरकून मला जागा दिली, ती शेवटची. मी बसले. काय करणार, उभी थोडीच राहणार होते!

ब्लाऊजवालीनं माझ्या ताटाकडं बघितलं आणि ओळख काढायला म्हणून विचारलं, "तुमच्याकडं कशानं लागली होती?"

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. तिथं माणूस नाव विचारत नव्हतं, गाव विचारत नव्हतं. आग कशानं लागली ते विचारत होतं. त्यावरून त्यांच्यात नातं ठरत होतं.

"माझ्याकडं नाही लागली," मी म्हटलं. "मी सख्खी बहीण आहे."

मला वाटलं होतं, तिघी उठून उभ्या राहतील. तांड्यावरची म्हणाली, "व्हय का? बरं हाय तुमचं, आक्का. घरीच ओवाळायला भेटतं. आमाला इतक्या लांब यावं लागतं." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. आक्का म्हणायचा हक्क तिला कुणी दिला, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात बंबाचा आवाज आला. मी घाईघाईनं काडी ओढून निरांजन लावलं, शेडच्या दारातच, वारा लागू नये म्हणून भिंतीच्या आडोशाला. लावल्याबरोबर ब्लाऊजवाली झटकन बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली, जवळजवळ शिक्षिकेच्या अंगावरच. मग मी त्यांच्या ताटांकडं नीट बघितलं. कुंकू होतं, अक्षता होत्या, सुपारी, अंगठी, सगळं होतं. निरांजन कुणाच्याच ताटात नव्हतं.

"मी न्हाई लावत आता," ब्लाऊजवाली म्हणाली, थोडी ओशाळून. "देवापुढं बी बल्बच लावलाय."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते असं की बरं झालं, खरं औक्षण माझंच होणार.

बंब आत वळला. मी डोक्यावरून पदर घेतला, ताट उचललं आणि त्या तिघींच्या पुढं झाले. मानाचा पहिला नंबर माझा, त्यात काही विचारायचं नव्हतं. भाऊ बंबाच्या पायरीवर उभा होता. तोंड काळं, अंगातला गणवेश ओला. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि गाडी थांबायच्या आत उडी मारून पळत सुटला, सरळ माझ्या दिशेनं. ब्लाऊजवालीकडं न बघता, शिक्षिकेकडं न बघता. तिघी बघत राहिल्या.

खरं सांगते, त्या चार-दोन पावलांएवढा आनंद मला लग्नात झाला नव्हता. त्याला मी लहानपणी घराच्या दारातून हाक मारायचे तेव्हा तो असाच पळत यायचा. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. बघा म्हणावं बायांनो, बघा.

तो आला आणि त्यानं पंजा मारून निरांजन विझवलं. चिमटीनं वात, दुसऱ्या हातानं माझा पदर. ओल्या हातमोज्यात तो पदर त्यानं असा पिळला की मी ओढली गेले. ताट फरशीवर पडलं, अक्षता सगळीकडं. तिघींपैकी कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. भाऊबीजेच्या दिवशी भावानं दिवा विझवला.

"काय केलंस रे हे!" मी ओरडले.

त्यानं पदर उलगडून माझ्यापुढं धरला. झुळझुळीत मोरपंखी जॉर्जेटला काठापाशी हाताच्या पंज्याएवढं भोक पडलं होतं. कडा वितळून काळ्या, कडक झालेल्या. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पदर डोक्यावरून घेतला तो सरळ ताटात लोंबत होता.

"ह्या कापडाला पेटायला येळ लागत न्हाई, आक्का," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "अंगालाच चिकटतं ते. वर केसापर्यंत गेलं असतं." मग रागावला. "आणि इथं, डिझेलपाशी दिवा काहून लावला?"

त्या तिघींनीच मला धरून बाकावर बसवलं. शिक्षिकेनं बाटलीतलं पाणी दिलं. तांड्यावरची फरशीवरच्या अक्षता एकेक वेचत बसली. मला कुणाचा हात नको होता, पण झटकायची ताकद नव्हती. भाऊ समोर उकिडवा बसला आणि माझे हात उलटसुलट करून बघायला लागला, कुठं भाजलंय का म्हणून. इतक्या जवळून त्यानं मला किती वर्षांनी बघितलं असेल!

आणि त्याच वेळी, त्या तसल्या वेळीसुद्धा, माझ्या मनात जे आलं ते तोंडातून बाहेर पडलंच.

"माझ्या जागी दुसरी कुणी असती तर?"

तो माझ्या बोटांकडं बघत होता. विचारायला काय कारण, असं त्याला वाटलंही नाही. "तरी बी असाच पळालो असतो की," तो म्हणाला.

लगेच म्हणाला. क्षणभरही थांबला नाही.

मग त्यानं तोंड धुतलं आणि बाकासमोर एक बादली उलटी घालून तिच्यावर बसला. मी उठायला गेले तर ब्लाऊजवाली म्हणाली, "तुमी बसा, जरा दम खा, तोवर आमी उरकतो." तिनं कुंकू लावलं. तांड्यावरचीनं कुंकू लावलं. शिक्षिकेनं नुसता डबा हातात दिला आणि डोक्यावरून हात फिरवला. प्रत्येकीपुढं तो डोळे मिटून मान जराशी पुढं करत होता, थकलेल्या बैलासारखी. मग तिघी बाजूला झाल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या.

वेचलेल्या अक्षतांचं ताट घेऊन मी त्याच्यापुढं गेले. त्याच्या भुवया थोड्या जळलेल्या होत्या. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, दिव्याशिवाय. त्यानं डोळे मिटले आणि मान जराशी पुढं केली, त्या तिघींपुढं केली होती तेवढीच.